विटकरी रंगाचा पुरावा

माझी बायको चोरून खात नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण उलटं मीच सांगत फिरलो होतो, आणि काही लोक अजून माझं जुनं बोलणंच धरून बसले आहेत.

तिचं वजन घाटकोपरच्या आमच्या डॉक्टरांच्या काट्यावर मावेना. वखारीत लाकडं तोलायच्या काट्यावर तिला उभं करावं लागलं. वखारवाला हसला, मीही हसलो. त्यात मधुमेह निघाला. डॉक्टरांनी काचेची नळी आणि एक निळं औषध दिलं. रोज सकाळी त्यात तिच्या लघवीचे आठ थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, विटकरी झालं तर भरपूर.

बहुतेक दिवशी विटकरीच व्हायचं. मी तो चोरीचा पुरावा समजलो. दीड भाकरी आणि पालेभाजी मी स्वतः मोजून वाढत होतो, मग साखर आली कुठून? "तुम्ही वाढलंत तेवढंच खाल्लं," ती म्हणायची. वर भूक लागते म्हणायची. एवढ्या देहाला भूक कसली, बसल्या जागी जळतंय काय, असं मी विचारायचो.

सांताक्रूझला तिच्या थोरल्या भावाकडे सत्यनारायण होता. पंगतीत शिरा आला तेव्हा मी वाढणाऱ्याला अडवलं. म्हणालो, "हिला नको. ही घरी चोरून खाते." सगळे हसले. ती पानावरून उठली नाही. मान वर ठेवून जेवत राहिली.

पुढे डॉक्टरांना शंका आली की तिची गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंद असावी, वजन त्यामुळेच वाढत असावं. शरीर पडल्या पडल्या किती जाळतं, ते मोजायचं यंत्र इस्पितळात होतं. मी विचार केला, ग्रंथी ठीक निघाली की हिची चोरी सिद्ध. त्या आशेने मी रजा काढली. लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

उपाशीपोटी गेलो. मोजण्याआधी अर्धा तास निपचित पडायचं होतं. तिला ते जमेना. सारखी उठू पाहायची. "लोळायची सवय नाही हो मला," ती तिथल्या नर्सला म्हणाली. खरंच होतं. दिवसाउजेडी ती आडवी झालेली मी कधी पाहिली नव्हती. मग नाकाला चिमटा लावला, तोंडात रबरी नळी दिली. श्वासाबरोबर प्राणवायूचं पिंप खालीवर होऊ लागलं आणि लेखणी कागदावर तिरकी रेघ ओढू लागली. जितका प्राणवायू खर्च, तितका रेघेला चढ.

रेघ जिन्यासारखी चढली. डॉक्टरांनी पुन्हा मोजायला लावलं, तेच. त्यांनी सांगितलं, ग्रंथी मंद नाही. देह मोठा म्हणून खर्च मोठा, हे आलंच. पण एवढ्याच वजनाच्या, मधुमेह नसलेल्या बायकांपेक्षाही हिचा खर्च जास्त दिसतो. मधुमेहात असं त्यांनी पूर्वीही पाहिलं होतं. कारण नक्की सांगता येत नव्हतं. एवढं मात्र खरं, की साखर अंगी न लागता वाहून जाते आणि शरीर आतल्या आत आणखी साखर करत राहतं. "त्या रंगासाठी चोरी करावी लागत नाही," ते मला म्हणाले. "आणि यांची भूक खरी आहे."

बाहेर आल्यावर मी तिला म्हणालो, चुकलो.

"मला काय सांगता? मला ठाऊकच होतं. जिथे बोललात, तिथे बोला."

पत्र लिहितो म्हणालो. चालणार नाही म्हणाली.

रविवारी सांताक्रूझला गेलो. तिच्या भावासमोर, घरच्या सगळ्यांसमोर मी उभ्यानेच सांगितलं, की ही चोरून खात नव्हती, मी पाहिल्याशिवाय आरोप केला होता. रेघेचंही सांगितलं. भावाची बायको हसली. "मग भावोजी, एवढं अंग काय वाऱ्यावर आलं?"

"कशावरही आलं असेल. चोरीवर आलं नाही," मी म्हणालो. "आणि हा प्रश्न तिला पुन्हा कुणी विचारायचा नाही. मीसुद्धा."

 मेहुण्याने चहा टाकायला सांगितला. माझी बायको तोवर खुर्चीवर ऐसपैस बसली होती.

"वहिनी, माझ्या चहात साखर नको," ती म्हणाली. "पण खायला काहीतरी आण. मला भूक लागलीय."