सहीला कोण?

घोडेगावच्या माझ्या दवाखान्यात बाई आली की ठरलेला प्रश्न, मिस्टर आलेत का? वीस वर्षं हेच विचारून मी कंटाळलेय.

परवा अवसरीची एक बाई पिशवीच्या ऑपरेशनसाठी मैत्रिणीला घेऊन आली. मी सवयीनं तेच विचारलं.

"मिस्टर न्हाईत. आमी दोघीच राहतो, बारा वर्षं झाली."

"मग सहीला भावाला आणा," मी म्हणाले.

खरं तर तिची एकटीची सही पुरते. दुसरी आम्ही आमच्या भीतीपोटी घेतो. मैत्रीण बाहेर जाऊन बसली.

संध्याकाळी माझी जोडीदार मला न्यायला आली. नेहमीसारखी फाटकाबाहेरच थांबली. पेशंटनी बघू नये म्हणून मीच तिला तसं सांगून ठेवलंय.