तीन वर्षांचा विमा

शांताराम हा पुढचं बघून पैसे टाकणारा माणूस नव्हेच. मुरब्याच्या अलीकडे त्याची चिकूची आणि नारळाची वाडी, शिवाय तारापूरच्या कारखान्यात उभी हयात पाळ्या केलेल्या, म्हणजे घरात खायला कमी होतं असं नाही. पण फोनचं रिचार्ज मारायचं तर महिन्याचंच. वर्षाचं स्वस्त पडतं, हे दुकानदारानं त्याला दहादा सांगून पाहिलं. शांताराम आपला एकच म्हणायचा, "उद्याचं कुणी बगितलाय?" गाव त्याला कवडीचुंबक म्हणे आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करी.

असल्या माणसानं गाडीचा विमा एकदम तीन वर्षांचा काढला.

गाडी घेतली ती दमयंतीसाठी. बायकोच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला बोईसरला न्यायची पाळी आली. आधी रिक्षा करून पाहिली. पण परत येताना गचक्यांनी ती मान टाकून बसायची, आणि ते काही त्याला बघवेना. मग फंडाचे पैसे मोडले आणि लहानशी पांढरी गाडी दारात आणली. विम्याचं काम बोईसरच्या जितेशकडे दिलं. हा जितेश एजंट, तोंडानं गोड, पण मनानं वाईट नाही. तो म्हणाला, "काका, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वर्षाचाच घ्या. दर वर्षी नवा करता येतो." दमयंती शेजारच्या खुर्चीत बसली होती. शांतारामनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तीन वर्षांचा कर."

आता तुम्ही म्हणाल, ही उधळपट्टी कशाला? अहो, वर्षाचा काढला असता तर दमयंतीला वाटलं नसतं का, की ह्यानं मला वर्षच धरलंय? "तू बरी होशील" हे तोंडानं म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही. जमलं ते एवढंच. तिलाही ते कळलं असावं. बाहेर आल्यावर हसून म्हणाली, "तीन वरीस? म्हंजे मला मरायला सवडच नाय." तो म्हणाला, "नायच."

पहिलं वर्ष भरायच्या आत ती गेली.

गाडी आंब्याखाली उभी राहिली. काचेवर पाला साचला. शांताराम दोनदा चावी घेऊन आत जाऊन बसला, पण डाव्या बाजूची जागा तशी रिकामी ठेवून गाडी चालवायची कशी, हे त्याला उमजेना. पालघरला दिलेली लेक रूपल म्हणाली, "बाबा, विकून टाका." त्यालाही ते पटलं. मुरब्याच्या येसूबाईचा मुलगा अनुज गाडी बघतच होता. येसूबाई ह्यांच्या दारात वर्षानुवर्षं मासळी घेऊन यायची. दमयंतीपाशी तिची अर्धी टोपली विकून व्हायची नि अर्धी गप्पांत राहायची. तिथे घासाघीस कसली? एका बैठकीत सौदा ठरला.

राहिला तो विमा. अनुज म्हणाला, "काका, तो माझ्या नावावर करून द्या. दोन वर्षांवर उरलाय, मला नवीन काढायला नको." जितेशही म्हणाला, नाव बदलायला किरकोळ खर्च येतो. सरळ काम होतं.

शांताराम म्हणाला, "नाय. बंद कर."

जितेशनं कंपनीला फोन लावला, बराच वेळ हं हं केलं आणि फोन ठेवून डोकं खाजवलं. "काका, परवडणार नाही. मुदतीआधी बंद केला की कंपनी नुसते वापरलेले महिने धरत नाही, त्याहून बरंच कापते. वर रद्द करायची फी. आणि तुम्ही क्लेम घेतलाय ना, त्यामुळे चालू वर्षाचं तर काहीच परत मिळणार नाही."

"हे पैसे घेताना का नाय सांगितलंस?"

"काका, पहिल्याच वर्षी बंद करायला येणार, असं कोण धरून चालतं?"

शांतारामनं विम्याचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

तो क्लेमही कसला, तर दरवाजाचा. दवाखान्याच्या फाटकाशी दमयंतीच्या हातून दार निसटलं आणि खांबावर आपटलं. ती कानकोंडी होऊन "माझ्या हातात जीवच नाय राह्यला" म्हणाली. खरं तर तेवढा पोचा तसाच चालला असता. पण शांतारामनं मुद्दाम क्लेम घेतला, दार नवं करून आणलं आणि तिला म्हणाला, "विमा कशाला काढलाय मग? खुशाल आपट." त्या दिवशी ती हसली होती. आता त्या हसण्याचेही पैसे कापून घेत होते. सगळं जाऊन हाती जे यायचं होतं, त्यात धड एक टायर आला नसता.

रूपल फोनवर चिडली. "बाबा, जन्मभर पै पै जोडलीत आणि आता हा कसला हट्ट? अनुजच्या नावावर करून द्या आणि मोकळे व्हा."

"बघू," म्हणून त्यानं फोन ठेवला. कारण काय आहे ते लेकीला फोनवर सांगणं त्याला जमणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी येसूबाई स्वतः आली, बरोबर अनुज. ओटीवर टेकली आणि आडपडदा न ठेवता म्हणाली, "भाऊ, तू आमच्यावर रागावलायस काय? सुनेचे दिवस भरत आलेत. तिच्यासाठीच गाडी घेतो. नवा विमा काढायचा तर आमच्या पोराची ओढाताण होते."

तेव्हा मात्र शांतारामला बोलावंच लागलं.

"येसूबाय, तो विमा मी गाडीसाठी नव्हता काढला. तिच्यासाठी काढला. तीन वर्षं मागितली मी, पैसे टाकून मागितली. नाय लाभली तिला. जी तिला लाभली नाय, ती मी तुझ्या सुनेच्या पदरात टाकू? उद्या काय कमीजास्त झालं तर मी तोंड कुठे दाखवू?"

अनुज हसून काहीतरी म्हणणार होता, पण आईनं त्याला नजरेनंच थांबवलं. "असं काय नसते रे भाऊ," येसूबाई म्हणाली. म्हणाली खरी, पण पुन्हा विमा नावावर करून दे, असं काही तिनं म्हटलं नाही. घरात पोर यायचं असलं की जीभ जपूनच चालते.

मग शांतारामनं काय करावं? नव्या विम्याला जेवढे पडणार, तेवढे गाडीच्या किमतीतून कमी केले. म्हणजे बघा, स्वतःचा विमा बुडवला आणि दुसऱ्याचा भरला. ह्याला गाव कवडीचुंबक म्हणतं!

अनुजचा नवा विमा झाल्यावर तो बोईसरला जितेशकडे गेला. जितेशनं बोट ठेवलं तिथे त्यानं सही केली. जितेश सवयीनं म्हणाला, "झालं काका. मुदतीआधी आपणच सोडलं की भुर्दंड बसतोच."

"आमी सोडलं?" शांताराम म्हणाला.

चितेपाशी जे रडू आलं नव्हतं, ते तिथे आलं, त्या दुकानात, झेरॉक्सच्या मशीनशेजारी. जितेशनं पाण्याचा ग्लास पुढे केला आणि आलेल्या गिऱ्हाइकाला हातानंच बाहेर थांबवलं. मग त्यानं खांद्यावर हात ठेवला.

संध्याकाळी अनुज गाडी न्यायला आला. शांतारामनं ती सकाळीच धुवून पुसून ठेवली होती. हळदकुंकू येसूबाईनं लावलं, नारळ वाडीतलाच होता. ती पुढे, डाव्या बाजूला बसली. अनुजनं गाडी सुरू केली, तसा शांताराम दोन पावलं पुढे गेला आणि काचेशी वाकला.

"अनुज, खड्ड्यांवरनं सावकाश घे रे. तिला गचके सोसत नाय."

अनुजनं आईकडे पाहिलं. येसूबाईनं पदर तोंडाशी नेला, मग खाली घेतला.

"सावकाशच नेईल, भाऊ," ती म्हणाली. "तू नको काळजी करू."

गाडी फाटकाबाहेर निघाली, आणि मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत अनुजनं ती चालत्या माणसाच्या वेगानं नेली.