नळीचं दुसरं टोक

गाडी उभी असतानाही इंजिन आपोआप रेस होत होतं. आमच्या मेकॅनिक दत्तूमामांनी बॉनेट उघडून, मी बाहेरून स्वस्तात बसवून घेतलेल्या, इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीकडे नाराजीने पाहिलं. "ओरिजनल नाय ना ही? कुठूनतरी हवा ओढतेय."

मग त्यांनी हातभर रबरी नळी काढली. तिचं एक टोक कानाला लावायचं आणि दुसरं सांध्यांवरून फिरवत गळती शोधायची, ही त्यांची जुनी पद्धत. या वेळी मात्र कानाचं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. "बारीक आवाज आता येत नाय मला. तुम्ही लावा, ताई."

मी ऐकू लागले. ते नळी फिरवत होते, पण नजर इंजिनावर नव्हतीच, माझ्या चेहऱ्यावर होती. नळी थ्रॉटल बॉडीच्या खालच्या कडेशी आली, तेव्हा माझी भुवई हलली असावी. मी बोलायच्या आत "इथंच!" म्हणत त्यांनी बोट ठेवलं.

इतकं लक्ष देऊन माझ्याकडे आईच पाहायची. कपाळाला हात लावायच्या आधीच तिला ताप कळायचा. आता घरी सगळे "काय झालं?" विचारतात, पण विचारताना वर बघत नाहीत.

त्या सांध्यात हवा अडवणारं नवं गॅस्केट बसलं आणि इंजिन शांत झालं. नळी गुंडाळता गुंडाळता मामांनी हळूच विचारलं, "कसा येत होता आवाज?"

"कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो ना, तसा."

त्यांनी क्षणभर डोळे मिटले.

"हां," ते म्हणाले, "तसाच असतो."