कोकमतेलाने भरलेली खाच

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, महाडच्या कॉलेजात परीक्षेच्या प्रकल्पासाठी मी ॲक्रिलिकच्या पट्टीवर सुईने बारीक खाच कोरत होतो. दोन फाट्यांतून लाल आणि निळं पाणी आत यावं, आणि पुढे एकाच वाटेने, न मिसळता, शेजारी शेजारी वाहावं. वाट पुरेशी बारीक असली की तसं होतं, असं मी वाचलं होतं. सरांना मी तसं सांगितलं; गणित बरोबर आहे याची मला खात्री होती.

कोरणं जमलं. अडत होतं ते झाकण बसवणं. वरच्या पट्टीला ॲसिटोन लावून दाबलं की दोन्ही पट्ट्या एकजीव होत. पण तेच ॲसिटोन खाचेत शिरून कडा विरघळवी आणि वाट बुजे. दादा मुंबईत दुकानांच्या पाट्या बनवायच्या कामाला होता. त्याने आणलेले ॲक्रिलिकचे तुकडे संपत आले. सर म्हणाले, "सोमवारी पाणी वाहिलं नाही, तर लंबकाचा प्रयोग कर. परीक्षक थांबणार नाहीत."

शनिवारी तुडीलला घरी गेलो. आई चुलीपाशी कोकमतेलाचा गोळा उबेला धरून टाचेच्या भेगांत भरत होती.

"काय करतोस रे तिकडं?"

"बारीक पाट खणतोय. वरून झाकलेला."

"पाटच खणायचा तर कॉलेज कशाला? आपलं शेत हाय की!"

मी हसलो, पण नजर टाचेवरच होती. तिने वरचं तेल फडक्याने पुसलं, तरी भेगेतलं तसंच राहिलं. खाच आधीच भरलेली असेल, तर ॲसिटोन शिरणार कुठे? मी गोळा मागितला.

"तुला पण भेगा पडल्या काय?"

"पट्टीला पडल्यात."

"मग सगळा नेऊ नको. माझी एक टाच राहिलीय."

सोमवारी शेवटचा तुकडा घेतला. खाच कोकमतेलाने भरली, वरचा भाग लख्ख पुसला, झाकण चिकटवलं. सुकल्यावर पट्टी गरम पाण्यात धरून सिरिंजने साबणाचं पाणी ढकललं. वितळलेलं तेल बाहेर आलं. मागून लाल आलं, निळं आलं, आणि दोन्ही एकमेकांना न ओलांडता शेवटपर्यंत गेली.

सर वाकले. "हा वास कसला?"

"कोकमतेल, सर. आईच्या टाचांचं."

त्यांनी भिंग धरून दोन्ही रंगांची वाट शेवटपर्यंत तपासली. मग टेबलावर मांडून ठेवलेला लंबक त्यांनी स्वतः उचलला आणि कपाटात ठेवला.