सुमनमावशींच्या फाटकाशी

आमची रेवा आता तिसरीत आहे. तरीही कपाट आवरायला काढलं की कुठून तरी एखादा एकटाच बाळमोजा निघतो. त्याचा जोडीदार कधीच सापडत नाही, आणि टाकवत तर अजिबात नाही! पाळणाघराच्या दिवसांतल्या किश्श्यांचं माझ्याकडे तसंच झालंय. एक सांगायला घेतला की त्याच्यामागून दुसरा निघतो. मग नितीन, म्हणजे माझा नवरा, पाहुण्यांना म्हणतो, "आता हिला थांबवू नका, जेवूनच जा!"

तर जेवूनच जा.

तेव्हा आम्ही कर्जतला नवीनच राहायला आलो होतो. नितीनची नोकरी ठाण्याकडे आणि माझी खालापूरजवळच्या एका कारखान्यात, लॅबमध्ये. सकाळी कंपनीची बस घेऊन जायची, संध्याकाळी तीच आणून सोडायची. मधल्या वेळात सात महिन्यांची रेवा सुमनमावशींकडे. नदीच्या पुलापलीकडे त्यांच्या दोन खोल्या, पुढे पडवी, अंगणाला हिरवं लोखंडी फाटक. पाळणाघराला नाव नाही, पाटी नाही. "पुलापलीकडच्या मावशी" एवढं म्हटलं की रिक्षावाला बरोबर फाटकाशी आणून सोडायचा.

*

पहिल्या दिवशी मी रेवाची बॅग भरली होती. सहा लंगोट, चार झबली, दोन टोप्या, थर्मामीटर, ग्राइप वॉटर, खुळखुळे, जास्तीचं दुपटं आणि त्या दुपट्यालाही जास्तीचं दुपटं. मावशींनी ती बॅग बघितली, मग मला बघितलं.

"ताई, लेकरू ठेवताय का तुमीच ऱ्हायला येताय?"

मी हसले नाही. हसायच्या अवस्थेतच नव्हते! दूध किती कोमट हवं, झोपताना कुठल्या कुशीवर, शिंक आली तर काय, सगळं घडाघडा सांगितलं. मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ती ओढनी द्या."

"उद्या धुतलेली आणते ना."

"धुतलेली नको. गळ्यातलीच द्या. तुमचा वास पायजे तिला."

मी ओढणी काढून दिली, बसमध्ये बसले आणि चौक फाट्यापर्यंत रडत गेले. डोळे पुसायला ओढणी नव्हती, म्हणून शेजारी बसलेल्या अकाउंट्समधल्या बाईंची वापरली. बिचारीशी माझी तोवर ओळखही नव्हती! कारखान्यात पोचल्या पोचल्या मावशींना फोन लावला.

"झोपली," मावशी म्हणाल्या.

"रडली का?"

"रडली थोडी."

"थोडी म्हणजे किती?"

"तुमच्याएवढी नाय!"

*

त्याच संध्याकाळी नाशिकहून सासूबाईंचा फोन आला. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, मनाने चांगल्या, पण बोलणं नेहमी फळ्यावर लिहिल्यासारखं. म्हणाल्या, "नोकरी कर, माझं काही म्हणणं नाही. पण एक लक्षात ठेव. लेकरू ज्याच्या हातचं खातं, त्यालाच आई म्हणतं."

त्यांनी ते सहज म्हटलं आणि मग भाजीचे भाव सांगितले. माझ्या डोक्यात मात्र ते वाक्य रुतून बसलं. दिवसभर रेवा खाणार मावशींच्या हातचं, झोपणार मावशींच्या मांडीवर. तो एक शब्द तिने मावशींनाच दिला तर? मी मनाशी ठरवून टाकलं, तसं झालं की त्या दिवशी राजीनामा! नोकरी मला फार प्रिय होती. पण हे ठरवलेलं मी कुणालाच सांगितलं नाही, नितीनलाही नाही. नुसती आतल्या आत घाबरून राहिले.

*

कामावर जाणाऱ्या बाईची सकाळ म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचा किस्सा खोटा वाटणार नाही. ओट्यावर दोन डबे, एक माझा, एक रेवाचा. बस फाट्यावर हॉर्न मारतेय. मी उचलले आणि पळाले.

दुपारी कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर डबा उघडला. आत नाचणीचं सत्त्व आणि बदकाच्या चोचीचा छोटा चमचा! तेवढ्यात फोन वाजला.

"ताई," मावशींचा आवाज एकदम गंभीर, "रेवाला ठेचा चालतो का वो?"

मी ओरडलेच, "मावशी, दिला नाही ना?"

"नाय वो! तिला मऊ भात भरवला मी, आमच्यातला. झोपली पन."

"बरं झालं. मग माझा डबा राहू द्या तसाच."

"आता कसा ऱ्हाईल? मी जेवले की तो. ठेच्यात मीठ कमी व्हतं."

त्या दिवशी मी नाचणीचं सत्त्व खाल्लं, बदकाच्या चमच्याने. आमच्या साहेबांनी लांबून बघितलं आणि हळूच विचारलं, "डाएट वाटतं?"

*

रेवाला आणायचं काम माझंच असे, कारण नितीन यायचा दिवे लागून गेल्यावर. एकदा मात्र माझं ऑडिट निघालं आणि नितीनने अर्धी रजा टाकली. मोठ्या ऐटीत फाटकाशी गेला आणि म्हणाला, "रेवाला न्यायला आलोय."

मावशींनी कडी काढली नाही. "तुमी कोन?"

"मी तिचा बाबा."

"मी पायलं नाय तुमाला कदी."

त्यात खोटं काय होतं! नितीनने आधार कार्ड काढलं. मावशींनी ते हातातसुद्धा घेतलं नाही. "कार्ड कुनाचं बी आसंल. मला सांगा, रेवा रडाय लागली की कशानं गप ऱ्हाते?"

नितीनने बराच विचार केला. गाणं? पाठ थोपटणं? शेवटी हार मानून खरं काय ते सांगितलं, "मोबाईल दिला की."

मावशींनी कडी काढली. "या आत. बापच हायेत!"

*

मावशींकडे एक पद्धत होती, आणि आम्हा सगळ्या आयांचा जीव त्या पद्धतीवर होता. संध्याकाळी फाटक वाजलं की मावशी पोरांना पडवीत आणायच्या आणि सगळी पलटण एका सुरात ओरडायची, "आई आऽऽली!" कुणाचीही आई येवो, गजर सगळ्यांचाच. ज्यांना बोलता येत नव्हतं ती नुसत्या टाळ्या पिटायची. दिवसभर साहेबांची बोलणी खाल्लेली असोत, बस तासभर रखडलेली असो, त्या फाटकातून आम्ही निवडणूक जिंकल्यासारख्या आत जायचो. कशेळ्याच्या शाळेत शिकवणाऱ्या प्रज्ञाताई म्हणायच्या, "घरी एवढं स्वागत झालं असतं तर मी रविवारीसुद्धा कामाला गेले असते!" त्यांचा मुलगा आमच्या रेवापेक्षा थोडा मोठा आणि त्या कोरसचा पुढारी.

एक दिवस मी जरा लवकर पोचले. माझ्यापुढे गॅसवाला. टेंपो बाहेर उभा करून, खांद्यावर सिलिंडर घेऊन त्याने पायानेच फाटक ढकललं. फाटक वाजलं. झालं! आतून दणदणीत गजर झाला, "आई आऽऽली!"

हा मिशाळ, धिप्पाड गडी जागच्या जागी थबकला. मग सिलिंडर खाली ठेवून म्हणाला, "मावशी, पुढच्या येळंपासून तुमचा नंबर पयला लावतो. एवढं तर आमच्या घरी बी कोन करत नाय!"

*

तेव्हा रेवा वर्षाची व्हायला आली होती. कावळ्याला "का", दुधाला "दुदू" म्हणायला लागली होती. मी रोज रात्री तिच्यासमोर बसून "आई, आई" घोकायचे आणि ती माझ्या नाकात बोट घालायची.

एका शनिवारी कारखान्यात वीज गेली आणि आम्हाला दुपारीच सोडलं. रिक्षा पुलाशीच सोडून मी चालत निघाले. मागच्या बाजूने पाऊलवाट आहे, ती मावशींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून जाते. खिडकीशी पोचले तर आतून रेवाचा आवाज. मी डोकावले. मावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. रेवा रांगत आली, त्यांचा पदर धरून उभी राहिली आणि अगदी स्वच्छ म्हणाली, "आई."

मी खिडकीचे गज धरले. राजीनाम्याचा मजकूरसुद्धा डोळ्यासमोर आला.

मावशींनी सूप बाजूला ठेवलं. रेवाला उचलून कडेवर घेतलं आणि पुढच्या दारातून रस्ता दाखवला. "मी मावशी. आई कंपनीत हाय. सांजच्याला येनार. त्या रस्त्यानं येनार."

"आई," रेवा त्यांच्या गालाला हात लावून पुन्हा म्हणाली.

"नाय गं बाय. मी मावशी. आई त्या रस्त्यानं येनार."

हे किती वेळा झालं, देव जाणे. दर वेळी तेच, तेवढ्याच शांतपणे. ना चिडणं, ना हसण्यावारी नेणं. तांदूळ तसेच पडले होते. मला रडू आवरेना, म्हणून मी वाकून, खिडकीखालून, चोरासारखी पुढे गेले. तोंड पुसलं. रस्त्यावर आले आणि फाटक वाजवलं.

त्या दिवशी कोरस झालाच नाही, बाकीची पोरं झोपली होती. पडवीत फक्त मावशी आणि त्यांच्या कडेवर रेवा. रेवाने माझ्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले.

"आई!"

"आली बग," मावशी म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "पयल्यांदाच बोलली वो ताई! आजच!"

मी पण म्हटलं, "हो का!"

*

त्यानंतर रेवाची गाडी जी सुटली ती सुटलीच. दोन वर्षांची झाली तोवर अखंड बडबड, आणि तीही अस्सल मावशींची! नाशिकला व्हिडिओ कॉल लावला. सासूबाई ताटावर बसल्या होत्या, पण जेवण बाजूला ठेवून नातीला शुद्ध मराठी शिकवत होत्या.

"रेवा, 'नाय' नाही म्हणायचं. काय म्हणायचं? 'नाही'."

रेवाने कमरेवर हात ठेवले. "आजी, बोलू नुको. गप ज्येव आदी! भात सांडला तर मी उचलनार नाय!"

आयुष्यभर शाळा चालवलेल्या सासूबाईंनी मुकाट्याने भाताचा घास घेतला. नंतर मला म्हणाल्या, "तुमच्या त्या मावशींना माझा नमस्कार सांग. वर्ग चांगला सांभाळतात."

*

आणि आता करुणाचा किस्सा.

करुणा मावशींकडेच राहायची. पनवेलला एका दवाखान्यात नर्स होती. संध्याकाळी आली की "मावशी, चहा ठेवू?" म्हणत आत जायची, पोरांची तोंडं पुसायची. मी तिला मावशींची भाची समजत होते. एकदा तिचं लग्न ठरल्याचं कळलं, तेव्हा मी सहज विचारलं, "भाचीचं सगळं तुम्हीच करणार का?"

"भाची कुठली वो? पोटची हाय माजी."

"अहो, पण मग ती तुम्हाला मावशी का म्हणते?"

मावशी झबल्यांच्या घड्या घालत होत्या. हात थांबला नाही. "ती लहान व्हती तवाच मी पोरं सांबाळाय लागले. ती आई म्हनाय लागली की बाकीची बी तेच म्हनायची. त्यांच्या आया दमूनभागून यायच्या, त्यांना कसं वाटंल? मंग तिला सांगितलं, तू पन मावशीच म्हन. म्हनली बिचारी. मंग तीच सवय लागली."

लग्न विहाराच्या अंगणात मांडव घालून झालं. आम्ही सगळ्या आया आपापली पोरं घेऊन हजर! पोरांच्या ओंजळीत फुलांच्या पाकळ्या दिल्या होत्या. प्रज्ञाताईंच्या मुलाने त्या वधूवरांवर उधळल्या, रेवाने अर्ध्या खाल्ल्या. वंदनेनंतर सगळे "साधू, साधू, साधू" म्हणाले आणि आमची पलटण ते मसालेभाताच्या पंगतीपर्यंत म्हणत राहिली. मावशी पांढऱ्या साडीत इकडून तिकडे धावत होत्या. कुणाला वाढलं, कुणाचं राहिलं. डोळ्यांत पाणी म्हणून नाही! मी म्हटलं, बाई पक्की आहे.

मग गाडी आली. करुणाची बॅग माझ्या हातात होती, म्हणून मी अगदी जवळ उभी होते. करुणा सगळ्यांचा निरोप घेत शेवटी मावशींपुढे आली. आणि एकाएकी करुणा त्यांच्या गळ्यात पडली आणि हमसून हमसून रडत, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आई!"

मावशींनी तिला घट्ट छातीशी धरलं. आता त्यांचेही डोळे वाहत होते. तशातच तिच्या खांद्यावरून त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आमच्या कडेवरच्या पोरांकडे पाहिलं, आणि तिच्या कानाशी लागून म्हणाल्या,

"हळू गं, पोरं आयकतील!"