मापवाल्या मावशींचा संशय

आमच्या टेक्सासमधल्या शुगर लँडच्या मापवाल्या मावशी गिऱ्हाइकाचं माप दोनदा घ्यायच्या. आधी नजरेने, मग टेपने. दुकानात पन्नाशीपुढचा पुरुष शिरला की टेप गळ्यातच राहायची आणि पहिला प्रश्न यायचा, "तुम्ही सैन्यात होता का?"

मावशी मराठी नव्हत्या. त्या उत्तर इराकमधल्या कुर्द. इंडियन ग्रोसरीच्या शेजारी त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं, आणि साडीवरचा ब्लाउज दोन बोटं सैल करायचा तर आम्हा मराठी बायकांना दुसरा आधार नव्हता. माझ्या मुलीने त्यांना 'मावशी' म्हटलं. मी अर्थ सांगितला तेव्हा म्हणाल्या, "म्हणू दे. माझ्या बहिणींना मुलं होण्याइतकं आयुष्य मिळालं नाही."

त्यांची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, काज करता करता, तुटक इंग्रजीत. त्या बावीस वर्षांच्या असताना सैन्याने गाव वेढलं. बायका-मुलांना वेगळं काढलं आणि पुरुषांना ट्रकमध्ये चढवलं. त्यांत मावशींचा नवरा आणि दोन भाऊ होते. एक अधिकारी टेबल टाकून नावं लिहीत होता. मावशी दोन दिवस त्याच्यासमोर उभ्या राहून विनवत होत्या. ट्रक गेले. कुणी परतलं नाही.

तेव्हापासून त्यांचा कुणावर विश्वास नव्हता. त्यांना पोस्टमनचा संशय आला, मग दातांच्या डॉक्टरांचा, मग मशीन दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचा. प्रत्येक वेळी चौकशी करून त्यांनी संशय स्वतःच मागे घेतला. एकदा पाळी माझ्या सासऱ्यांवर आली. अण्णा साताऱ्याचे, निवृत्त सुभेदार. पँट आखूड करायला मी त्यांना घेऊन गेले, तर मावशींनी ती परत सरकवली. "सैनिकाचे कपडे मी शिवत नाही."

अण्णा भडकले. "मी आयुष्यात निःशस्त्र माणसावर हात उचललेला नाही, सांग त्यांना!"

मी सांगितलं. "सगळे असंच सांगतात," मावशी म्हणाल्या. मग अण्णांकडे बघून विचारलं, "आणि हुकूम मिळाला असता तर?"

मी भाषांतर केलं. अण्णांनी समोरची पँट नीट घडी घालून ठेवली. शेवटी हळूच म्हणाले, "माहीत नाही, बाई. तसा हुकूम मिळाला नाही, हे माझं नशीब."

मावशींनी पँट उचलली. "खोटारडा 'कधीच नाही' म्हणाला असता," म्हणाल्या, आणि टाचण्या लावू लागल्या.

त्यानंतर वर्षभराने स्वतःच्या मुलीच्या लग्नासाठी सुटाच्या बाह्या कमी करून घ्यायला एक पांढऱ्या केसांचा गृहस्थ आला. डाव्या कानाची पाळी फाटलेली. फोनवर अरबीत बोलत होता. मावशींनी शांतपणे माप घेतलं, पावती फाडली आणि तो गेल्यावर मला फोन केला. "टेबलवाला आलाय. तोच फाटका कान. इथे राहतो. नाव वेगळं आहे."

माझा नवरा म्हणाला, "यार, जवळजवळ चाळीस वर्षांनी कोण चेहरा आयडेंटिफाय करतं?" खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. पण मावशींनी या वेळी पोलिसांना कळवलं. सरकारी तपासनीस माझ्याकडे आले. "या बाई उगाच संशय घेतात का?" त्यांनी विचारलं. मी गुळमुळीत उत्तर दिलं. त्याची लाज अजून वाटते.

तपास दोन वर्षं चालला. जुन्या सैनिकी कागदांवर त्याचा फोटो आणि खरं नाव सापडलं. पण खटला उभा राहिला तो नागरिकत्वाच्या अर्जात खोटं लिहिल्याचा. तिथल्या हत्यांसाठी इथे त्याच्यावर खटला भरता येत नाही, असं सरकारी वकिलाने समजावलं. मावशी म्हणाल्या, "म्हणजे माणसं नेली ते चालतं, फॉर्म चुकीचा भरला ते चालत नाही." तरी त्या साक्षीला उभ्या राहिल्या.

बचावाच्या वकिलाने त्यांना घेरलं. "याआधी तुम्ही चार निरपराध माणसांवर संशय घेतला होता. खरं ना?"

"खरं आहे," मावशी म्हणाल्या. "चारही वेळा मी खात्री केली आणि चूक निघाल्यावर गप्प बसले. म्हणून तर याच्या वेळी बोलले."

तो दोषी ठरला. शिक्षा सुनावण्याच्या दिवशी न्यायाधीशांनी मावशींना बोलायची परवानगी दिली. मला वाटलं, आता इतक्या वर्षांचं सगळं बाहेर पडेल. त्या एवढंच म्हणाल्या, "त्याला किती वर्षं द्यायची ते तुम्ही ठरवा. मला फक्त ट्रक कुठे गेले ते हवंय."

तो टेबलाकडे बघत राहिला.

काही महिन्यांनी त्याच्या वकिलाकडून एक कागद आला. त्यात एका कोरड्या ओढ्याजवळच्या जागेचं वर्णन होतं. शिक्षेत सूट मिळावी म्हणून दिलं असणार. मावशींनी तो चार वेळा वाचला आणि इराकचं तिकीट काढलं.

"खोटं असेल," त्या म्हणाल्या.

"मग जाता कशाला?"

"खणल्याशिवाय कसं कळणार?"

दुकान बंद करून त्या गेल्या. मी एअरपोर्टवर सोडायला गेले होते. मिठी मारताना मी माफी मागितली. तपासनिसांना मी काय सांगितलं होतं, ते त्यांना ठाऊक होतं. "तू खात्री करायला थांबलीस," त्या म्हणाल्या. "ती चूक नाही."

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. वाऱ्याचा आवाज येत होता. "इथे माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "पुष्कळ. आमची आहेत का, ते अजून माहीत नाही. हाडं तपासायला वेळ लागतो."

"मावशी, परत कधी येणार?"

"एकेकाचं नाव लागल्यावर. इथले अधिकारी म्हणतात, घरी जा, आम्ही कळवू." मागे फावड्याचा आवाज आला. "मी खड्ड्याच्या काठावर खुर्ची टाकून बसले आहे."