तारेवरचे नाव

कुठलीही जुनी गाडी समोर आली की तो बॉनेटकडे पाहत नसे. दार उघडून गुडघ्यावर बसे, पायाखालची चटई ओढून बाजूला टाकी आणि तळाच्या पत्र्यात स्क्रू-ड्रायव्हर खुपसे. पत्रा शाबूत असला तर टण्ण आवाज येई. कुजलेला असला तर आवाज येत नसे. स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत जाई आणि खालची जमीन दिसे. मग तो मालकाकडे मान वळवून एवढेच विचारी, “घेताना चटई उचलली व्हती का?”

बहुतेकांनी उचललेली नसे. मीही एकदा उचलली नव्हती. त्यापायी माझे नाव सांगलीत भर रस्त्यावर टांगले गेले.

तो पत्र्याचा मिस्त्री. मूळचा जत तालुक्यातला, कर्नाटकाच्या हद्दीवरचा. नकार द्यायचा झाला की तो मराठीत देत नसे. ‘इल्ला’ म्हणे, आणि विषय संपे. “आमच्याकडं माणसाला प्यायला पाणी न्हाई, गंजाला कुठलं?” असे तो सांगे. सांगलीत मात्र कृष्णा घरात येते. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून विकल्या जातात आणि वर्षभरात तळातून कुजू लागतात. त्या त्याच्याकडे येत.

कुजका भाग तो कापून काढी, पण फेकून देत नसे. पॉलिश पेपरने मध्ये घासून त्यावर रेड ऑक्साइडचा हात देई, आणि ज्याने तो गंज झाकला त्याचे नाव वर पांढऱ्या ऑइलपेंटने लिही. मग शेडसमोरच्या तारेवर तो तुकडा टांगे. डांबर फासणारे मेकॅनिक, खोटे बोलणारे दलाल, सगळे तिथे ओळीने लटकत. वारा सुटला की एकमेकांवर आपटत. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील, जी भांडत नाहीत आणि विसरतही नाहीत.

तारेवरचा पहिला तुकडा त्याच्या थोरल्या भावाच्या जीपचा होता. भाऊ जत-सांगली वडाप करी, म्हणजे जीपमधून प्रवासी नेई. सांगलीतल्या एका गॅरेजवाल्याने जीपचा कुजका तळ कापण्याऐवजी वरून पत्रा रिव्हेट मारून बसवला आणि डांबर ओतले. एके दिवशी चालत्या गाडीत ड्रायव्हरची सीटच खाली गेली. भाऊ वाचला, पाय वाचला नाही. मिस्त्रीने ना मारामारी केली, ना पोलीस गाठले. त्या गॅरेजच्या बरोबर समोरची शेड त्याने भाड्याने घेतली आणि तो पत्रा टांगला. सकाळी शटर वर केले की त्या माणसाला पहिले दर्शन स्वतःच्या नावाचे होई. दोन वर्षांत त्याने गॅरेज बंद केले.

“विट्याला गेला म्हणं, पावण्याच्या सोन्याच्या दुकानात,” मिस्त्रीने मला पुढे सांगितले. “बरं झालं. सोनं गंजत न्हाई.”

“मग आता तरी उतरवा तो पत्रा.”

“इल्ला. गंज मरत न्हाई सायेब, वाट बघतो. आमीबी बघतो.”

माझे प्रकरण असे. मी साताऱ्याचा. विमा कंपनीसाठी गाड्यांची पाहणी करून अहवाल देणे हा माझा व्यवसाय होता. पुरानंतर सांगलीत गाड्यांची रांग लागलेली असे. एका गाडीच्या अहवालात मी ‘तळ सुस्थितीत’ असे लिहिले. त्या कागदावर विसंबून मिरजेच्या एका शिक्षिकेने ती गाडी घेतली. वर्षभराने ब्रेक दाबताना तिची टाच तळातून आरपार गेली आणि रस्त्यावर घासली. पाय तीन महिने प्लास्टरमध्ये होता. गाडी मिस्त्रीकडे आली. माझा अहवाल गाडीच्या कागदांत होताच.

मला ही गोष्ट साताऱ्यात एका लग्नाच्या पंगतीत कळली. नात्यातला एक जण मोबाइल पुढे धरून म्हणाला, “आवं, सांगलीत तुमचं नाव बघितलं की! ह्यो बघा फोटो. लय ठळक काढलंय.” पंगत हसली. मी पानावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी शेडवर जाऊन मी त्याला म्हणालो, “हे नाव उतरवा.”

“तुमी चटई उचलली व्हती का?”

“त्या दिवशी अठरा गाड्या तपासायच्या होत्या.”

“म्या गाड्या इचारल्या न्हाईत.”

“नव्हती उचलली.”

“मग ऱ्हाऊ द्या.”

“मी कोर्टात जाईन.”

“जावा की. पत्रा मीच घिऊन येतो तितं. गंजल्याली कड हाय, तुमच्या हाताला लागंल.”

मी कोर्टात गेलो नाही. तेथेही मला तोच प्रश्न विचारला गेला असता. पण परत येताना मी एक निश्चय केला. हाही माणूस आहे. कधीतरी, कुठेतरी हाही गंज ठेवील, आणि तो मी शोधीन. यात न्यायबुद्धी नव्हती, सूड होता. तो मी लपवीत नाही.

माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीचा तळ गंजू लागला होता. मी ती मुद्दाम त्याच्याकडे नेली. मी का आलो आहे हे त्याला पहिल्या नजरेत कळले. स्टुलाकडे बोट दाखवून तो म्हणाला, “बसा. डोळं फाडून बघा.”

तीन दिवस मी बसलो. त्याने सीट काढल्या, पांढरा पत्रा लागेपर्यंत गंज कापला, पुठ्ठ्याचा साचा करून त्याबरहुकूम नवा पत्रा बेतला. वेल्डिंगचा एक टाका या टोकाला, एक त्या टोकाला. मध्ये थांबून तो पत्र्याला हात लावून पाही.

“सलग का मारत नाही?” मी विचारले.

“एकदम तापवला की पत्रा रुसतो. मग जलमभर वाकडाच. तुमच्यावानी.”

मी हसलो नाही. मात्र दुपारी त्याने शेंगदाण्याच्या चटणीसह अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली आणि मी ती खाल्ली, हे नमूद केले पाहिजे.

तिसऱ्या दिवशी मागच्या सीटखालचा एक कोपरा उरला. तिथून पेट्रोलची नळी जात होती. ती सोडवायची तर आणखी एक दिवस लागला असता, आणि दुसऱ्या दिवशी साताऱ्याला माझ्या पुतणीचा साखरपुडा होता.

“तेवढा राहू द्या,” मी म्हणालो. “वरून रंग मारा. मला निघायचे आहे.”

“ऱ्हायला तर खाणार त्यो.”

“गाडी माझी आहे.”

त्याने रंगाचा डबा ओढला. “आठ दिसांत आनून द्या. शब्द द्या.”

मी शब्द दिला. साखरपुडा खरा होता, शब्द खोटा होता. आठ दिवसांनी मी गाडी नेली नाही, आणि ते विसरलो म्हणून नव्हे. गंज वाट पाहतो. मीही पाहिली.

चार वर्षांनी मी मागच्या सीटखाली स्क्रू-ड्रायव्हर खुपसला. तो मुठीपर्यंत गेला. मी थेट सांगली गाठली. शेडवर तीन-चार गिऱ्हाइके उभी होती. त्यांच्यादेखत मी खणखणीत आवाजात विचारले, “काय मिस्त्री, चटई उचलली होती का?”

तो गुडघ्यावर बसला. भोकात बोट घालून त्याने कड चाचपली. ‘घाई तुमीच केलीसा, शब्द तुमीच मोडलासा’ असे तो म्हणेल, म्हणून मी उत्तर तयार ठेवले होते. ते वापरण्याची वेळ त्याने येऊ दिली नाही. नळी सोडवली, कोपरा कापला, नवा पत्रा जोडला. मग कापलेला तुकडा घासून त्यावर स्वतःचे नाव लिहिले. वडिलांच्या नावासकट, पूर्ण. आणि तारेवर माझ्या शेजारी टांगला.

“जोडी जमली गड्या!” एक गिऱ्हाईक म्हणाले.

मिस्त्री हसला नाही. हात पुसत मला म्हणाला, “बरं केलंसा, आनलीसा.”

चार वर्षे जपलेला तो आनंद मला परतीच्या वाटेवरच्या पेठ नाक्यापर्यंतही पुरला नाही. तरी मी माघारी फिरलो नाही. खरे काय ते त्याला कधीच सांगितले नाही.

गेल्या दिवाळीनंतर त्याच्या पत्नीचा फोन आला. मिस्त्री गेला होता. महिना होऊन गेला होता. “सोमवारी भंगारवाला यायचाय,” ती म्हणाली. “पर त्यांनी सांगून ठिवल्यालं, साताऱ्याच्या सायबांस्नी इचारल्याबिगर दोन पत्रं द्यायचं न्हाईत.”

“कोणते दोन?”

“एक तुमचा, एक त्यांचा.”

मी गेलो. शेडला कुलूप होते. तारेवरच्या तुकड्यांच्या कडा झडून गेल्या होत्या. बोट लावले की भुगा पडत होता. फक्त जिथे रंग होता तिथले लोखंड टिकले होते. त्यामुळे पत्रे संपत आले होते आणि नावे शिल्लक होती. त्याच्या पत्नीने दोन्ही तुकडे उतरवून माझ्यापुढे ठेवले. मग म्हणाली, “तुमचं नाव खरडून देऊ का? आता कोन हाय इचारनारं?”

“इल्ला,” मी म्हणालो. ती चमकून माझ्याकडे पाहू लागली.

साताऱ्याला माझ्या घरासमोर फाटकाची भिंत आहे. तिथे मी ते दोन्ही टांगले आहेत. त्याच्या तुकड्यावर, त्याच्या नावाखाली थोडी जागा होती. ती घासून मी माझे नाव लिहिले. अक्षर नीट आलेले नाही. पण सकाळी दार उघडले की समोर तेच दिसते.